कोणाला विचारायचं, हे कसं ठरलं: यवतमाळकडच्या एका शेतकरी कंपनीचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. ओळख पटू नये म्हणून कंपनीचं, गावांचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे. सभासदांचे व गटांचे आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. हमीभाव, बाजाराची चाल, कायदा आणि किडीचे निकष मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

अकरा गावं, चारशेच्या आसपास सभासद, दहा संचालक. जमीन बहुतेक कोरडवाहू. निम्मी भारी, निम्मी बरड. पीक म्हणजे सोयाबीन आणि पऱ्हाटी (कापूस), पऱ्हाटीत तुरीची ओळ. कंपनीची कामं तीन: बियाणं-खताची एकत्र खरेदी, सोयाबीन-तुरीची एकत्र विक्री, आणि हंगामात एक छोटं गोदाम चालवणं.

उत्पादक कंपनीच्या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. सभासदाकडे शेअर कितीही असोत, मत एकच. कागदावर ही कंपनीही तशीच चालत होती. प्रत्यक्षात महिन्याच्या बैठकीत दोघं-तिघं बोलत, बाकीचे मान डोलावत, आणि सचिव ठराव लिहून घेत.

त्या दोघा-तिघांतला एक संचालक बाजाराचा जाणकार मानला जाई, आणि त्याला कारणही होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अकोला-वाशीमकडे सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं आणि नवा माल येताच पाच हजारांच्या आसपास कोसळलं. तेव्हा सगळे घाबरून विकत होते. हा संचालक एकटा म्हणाला, "थांबा, एवढ्यात विकू नका." २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला भाव सात हजारांवर गेला. ज्यांनी ऐकलं त्यांच्या हातात क्विंटलमागे दीड-दोन हजार जास्त पडले. तेव्हापासून कंपनीत बाजाराचा विषय निघाला की सगळे त्याच्याकडे बघत.

काय बिघडलं

२०२२ च्या हंगामात त्याचा सल्ला तोच: थांबा. कंपनीने माल ठेवला आणि सभासदांनाही ठेवायला सांगितलं. उन्हाळ्यात भाव दिवाळीच्या आसपासच राहिला. २०२३ च्या हंगामात पुन्हा तेच झालं, आणि त्या वेळी भाव उन्हाळ्यापर्यंत उलट खाली आला.

"भाव तेवढाच राहिला म्हणजे नुकसान काय?" असं बैठकीत विचारलं गेलं. याचा हिशेब तोवर कोणी कागदावर मांडलाच नव्हता. पाच हजारांचा क्विंटल धरा. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. म्हणजे ३,७५० रुपये उचलले तर व्याज झालं ११२ रुपये. मालातला ओलावा १२ वरून १० टक्क्यांवर आला की वजनात दोन टक्क्यांच्या वर घट, म्हणजे शंभरेक रुपये. वर गोदाम भाडं आणि माल चढवण्या-उतरवण्याची दोनदा हमाली. भाव अडीचशे-तीनशे रुपयांनी वाढला तर कुठे बरोबरी होते. दोन्ही हंगामांत तेवढी वाढ झाली नाही.

छोट्या कास्तकाराला याहून मोठा फटका बसला, तो या हिशेबात दिसत नाही. दिवाळीला कृषी केंद्राची उधारी फेडायची असते, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं. तीन एकरवाला थांबू शकत नव्हता. कंपनी माल घेत नाही म्हटल्यावर त्याने खेडा खरेदीवाल्याला दारातच विकला, तोही काट्यात दोन-तीन किलो सोडून. पुढच्या वर्षी त्यातले बरेच जण कंपनीच्या सभेला फिरकले नाहीत.

कंपनीने एका सामाजिक संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन यावर दोन बैठका केल्या. त्यांत तीन गोष्टी पुढे आल्या. एक, एकदा बरोबर आलेला अंदाज म्हणजे जाण नव्हे, आणि कोणी काय सांगितलं होतं याची नोंद कुठेच नव्हती. लोकांना २०२१ आठवत होतं, २०२२ चा सल्ला तिघांना तीन तऱ्हेने आठवत होता. दोन, बाजारात मान मिळालेल्या माणसाचं बियाण्यात, फवारणीत, पेरणीच्या मुहूर्तातही चालू लागलं होतं. तीन, ठरवणाऱ्यांना थांबणं परवडत होतं. ज्यांना परवडत नव्हतं ते बैठकीत नव्हते.

त्या संचालकाने कुणाला फसवलं नव्हतं. त्याने स्वतःचा मालही ठेवला होता आणि त्याचंही नुकसान झालं होतं. दोष माणसात शोधला असता तर त्याच्या जागी दुसरा आला असता आणि रीत तीच राहिली असती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता दर महत्त्वाच्या गोष्टीवर सगळ्यांचं मत घेण्याचा. दिसायला हे सगळ्यात न्यायाचं. पण ऑक्टोबरात सोंगणी-मळणीच्या धामधुमीत चारशे माणसं जमत नाहीत, आणि जमली तरी बाजारावर हात वर करताना माणूस शेजाऱ्याकडे बघून करतो. दुसरा पर्याय, बाहेरचा सल्लागार नेमण्याचा, खर्चामुळे मागे पडला. शिवाय तालुक्याच्या बाजार समितीतली चाल आणि अकरा गावांची जमीन त्याला कुठून कळणार? तिसरा पर्याय संचालकांच्याच उपसमित्यांचा. म्हणजे तीच दहा माणसं वेगळ्या खुर्च्यांवर.

चौथा पर्याय असा: प्रत्येक विषयाला वेगळं जाणकारांचं जाळं करायचं. कोण जाणकार, हे सभासदांनीच सांगायचं. जाणकारांनी सल्ला आधी लिहून द्यायचा, निकाल लागला की तो ताडून बघायचा, आणि ज्याचं वारंवार बरोबर येतं त्याच्या शब्दाला त्या विषयापुरतं जास्त वजन द्यायचं.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला: हे वजन मतालाही लावायचं का? दोन संचालकांचा आग्रह होता की ज्याला कळतं त्याचं मत दोनदा मोजावं. कायद्यात ते बसत नाही, हे एक कारण झालं. दुसरं कारण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं. त्या गावात अभ्यास गट आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यास गटात विषय खोलात जाऊन समजून घेतला जातो, बाहेरचा माणूसही तिथे येऊन बोलू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये अठराशे हेक्टरांच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकणाऱ्या गावाची ही रीत आहे. जाण आणि अधिकार वेगळे ठेवल्याने तिथे जाणकाराला मोकळं बोलता येतं आणि गावाला नाही म्हणता येतं.

कंपनीने तेच घेतलं. जाळं सल्ला देईल, संचालक मंडळ ठरवेल. मंडळाने सल्ल्याविरुद्ध ठरवलं तर कारण एका वाक्यात इतिवृत्तात लिहायचं. या एका वाक्याच्या अटीने पुढे बरंच काम केलं.

नावं कशी गोळा केली

विषय पाच ठरले: बाजारभाव, कीड-रोग, बियाणं, पेरणीची वेळ, हिशेब. पाचही एकदम सुरू करणं झेपलं नाही. प्रत्यक्षात बाजारभाव आणि कीड-रोग हे दोनच नीट चालले. पुढचं सगळं त्या दोघांबद्दल आहे.

प्रत्येक सभासदाला विषयागणिक तीन नावं विचारली. प्रश्न "जाणकार कोण?" असा ठेवला नाही, कारण त्याला उत्तर म्हणून पाटील, सरपंच, अध्यक्ष अशी मानाची नावं येतात. प्रश्न असा होता: "तुमच्या पऱ्हाटीवर काही वेगळं दिसलं तर तुम्ही आधी कोणाला विचारता? शेवटचं कधी विचारलं होतं? त्याने काय सांगितलं?" नियम दोन. स्वतःच्या घरातलं नाव नाही, आणि तीनांपैकी एक तरी नाव भावकीबाहेरचं. माहिती तोंडी घेतली. प्रत्येक गावात दोघं फिरले, एक शिकलेला पोरगा आणि एक बचत गटातली बाई.

"शेवटचं कधी?" या प्रश्नाने बरीच गाळणी झाली. सगळ्यात जास्त वेळा आलेल्या काही नावांपुढे हा रकाना कोराच राहिला. म्हणजे लोक त्यांना मानत होते, विचारत नव्हते. उलट दोन-तीन साध्या कास्तकारांची नावं कमी वेळा आली, पण चार-चार गावांतून, आणि प्रत्येकाला "मागच्या महिन्यात", "पोळ्याच्या आधी" असं ठोस उत्तर होतं. गटात घेण्याची अट म्हणून पाच नावनोंदी आणि त्या किमान तीन गावांतून, असं ठरलं. एकाच गावातल्या वीस नोंदींपेक्षा तीन गावांतल्या पाच नोंदी जास्त भरवशाच्या धरल्या, कारण एका गावातल्या वीस नोंदींत नातंगोतंच बोलत असतं.

तरीही पहिल्या यादीत दोन मोठी भोकं होती. कीड-रोगाच्या यादीत निम्मी नावं कृषी केंद्रवाल्यांची होती. कास्तकार खरोखर त्यांनाच विचारतो, हे खरंच आहे. पण जो औषध विकतो त्यानेच फवारणी करायची की नाही हे सांगायचं, हे बरोबर नव्हे. नियम झाला की विक्रीत हितसंबंध असलेला माणूस चर्चेत बसेल, बोलेल, पण चिठ्ठी टाकणार नाही. हाच नियम बाजारभावात अडत्यांना आणि त्यांच्या घरच्यांना लावला.

दुसरं भोक असं की कीड-रोगाच्या यादीत एकही बाई नव्हती. फॉर्म सातबारावरच्या माणसाने भरला होता, आणि सातबारा पुरुषाच्या नावावर. पऱ्हाटीत जुलैपासून निंदणाला आणि पुढे वेचणीला रोज कोण असतं, तर बाया. मग नावं पुन्हा विचारली, या वेळी वावरात, निंदणाच्या वेळी, बायांनाच. "डोमकळी (बोंडअळीने मुरडलेलं फूल) आधी कोणाच्या नजरेस पडते?" एवढंच विचारलं. "आमाले कोन इचारते जी?" असं म्हणत आधी हसण्यावारी नेलं गेलं. मग मात्र शेजारच्या दोन गावांतून त्याच चौघींची नावं पुन्हापुन्हा आली. त्यातल्या तिघी भूमिहीन होत्या, म्हणजे कंपनीच्या सभासदच नव्हत्या. त्यांना घ्यायचं का, यावर बैठक तासभर अडली. शेवटी जाळं सल्ल्याचं आहे, मताचं नाही, या आधीच्याच निर्णयाने वाट काढून दिली.

चिठ्ठी आणि वही

रीत दोन्ही गटांना एकच. प्रश्न असा हवा की त्याला ठरलेल्या तारखेला एकच उत्तर असेल. "भाव वाढेल का?" हा प्रश्न चालत नाही. "आपल्या बाजार समितीत १५ डिसेंबरला सोयाबीनचा सर्वसाधारण दर किती? त्या दिवशी बाजार बंद असेल तर पुढच्या दिवशीचा" हा चालतो.

प्रत्येकाने आधी आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, कोणाशी न बोलता. लिहिता येत नाही त्याने सचिवाच्या कानात सांगायचा. चिठ्ठ्या डब्यात. मग सगळ्या एकदम उघडून आकडे फळ्यावर, नावांशिवाय. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा ज्यांचा असेल त्यांनी, तयार असतील तर, कारण सांगायचं. मग चर्चा, मग दुसरी चिठ्ठी. दुसऱ्या चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून मधला आकडा गटाचा अंदाज म्हणून घ्यायचा. सरासरी मुद्दाम टाळली, कारण एकाने दहा हजार लिहिलं की सरासरी ओढली जाते, मधला आकडा जागचा हलत नाही. १९०७ साली फ्रान्सिस गाल्टनने इंग्लंडातल्या एका पशुप्रदर्शनातल्या ७८७ चिठ्ठ्यांवर हेच करून दाखवलं होतं. बैलाच्या वजनाचा मधला अंदाज १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८. पण तिथे प्रत्येकाने आपापलं लिहिलं होतं. एकमेकांचं ऐकून लिहिलेल्या ७८७ चिठ्ठ्या म्हणजे दोन-चारच माणसांचं मत, आणि म्हणूनच पहिली चिठ्ठी बोलण्याच्या आधी.

हे सगळं एका वहीत: तारीख, प्रश्न, प्रत्येकाची पहिली आणि दुसरी चिठ्ठी, गटाचा आकडा, मंडळाचा निर्णय, आणि शेवटचा रकाना नंतर भरायचा, तो म्हणजे खरं काय झालं. वजनाचा नियम: किमान बारा प्रश्नांची उत्तरं ताडून होईपर्यंत सगळ्यांचं वजन सारखं. त्यानंतरही कोणाचं वजन दुपटीच्या वर नाही.

पहिला निर्णय: २०२४ चं सोयाबीन

ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात भाव चार ते साडेचार हजारांच्या दरम्यान होता. हमीभाव ४,८९२. समोर तीन वाटा होत्या: लगेच विकणं, तारणावर ठेवणं, किंवा माल १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून हमीभाव केंद्रावर घालणं.

चौदा जणांच्या गटाच्या पहिल्या चिठ्ठ्यांत जानेवारीसाठी बहुतेक आकडे साडेपाच हजारांच्या पुढे होते. २०२१ च्या दहा हजारांची आठवण अजून ताजी होती. चर्चेत एका कास्तकाराने मागच्या तीन हंगामांचे दिवाळीचे आणि होळीचे भाव फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले, बाकी काही बोलला नाही. दुसऱ्या चिठ्ठ्यांचा मधला आकडा साडेचार हजारांच्या खाली आला.

मंडळापुढे सल्ला गेला: साठवू नका. ज्याला पैशाची घाई त्याचा माल आठवड्यात विका. बाकीचा वाळवून हमीभाव केंद्रावर नेऊ. कंपनीने ओलावा मोजायचं एक यंत्र फिरतं ठेवलं. ताडपत्रीवर पातळ थर, दिवसातून तीन-चारदा पाय फिरवायचा, संध्याकाळी झाकायचं. मळणीच्या वेळी १५-१६ टक्क्यांवर असलेला माल चांगल्या उन्हात दोन-तीन दिवसांत १२ च्या आसपास येत होता. पुढे नोव्हेंबरात सरकारने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण ज्यांचा माल आधीच वाळलेला होता त्यांचा नंबर तोवर लागून गेला होता.

अडचण आली नोंदणीत. केंद्रावर विकायला ऑनलाइन नोंदणी लागते, सातबारावर सोयाबीनचा पेरा हवा, आणि बऱ्याच जणांची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, राहून गेली होती. हे गटात कोणाच्याच ध्यानात आलं नाही. कारण सरळ आहे: गट भावाच्या जाणकारांचा होता, कागदपत्रांचा जाणकार त्यात नव्हता. ठेक्याने वावर करणाऱ्यांचं तर कागदावर काहीच नव्हतं. ज्यांची नोंदणी उशिरा झाली ते जानेवारीत बारदान्याअभावी अडकले. खरेदी रखडली आणि त्यातल्या काहींना शेवटी खुल्या बाजारातच विकावं लागलं. ज्यांचा माल नोव्हेंबर-डिसेंबरात गेला त्यांना बाजारापेक्षा क्विंटलमागे पाचशे-सहाशे जास्त मिळाले. भाव फेब्रुवारीपर्यंत वर आलाच नाही.

हे यश म्हणून मिरवण्याआधी वहीतला शेवटचा रकाना बघायला हवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी एक, अशा आठ फेऱ्या झाल्या. प्रत्येकाच्या अंदाजातली चूक एका साध्या मापाशी लावून पाहिली: "आज जो भाव आहे तोच तेव्हाही राहील" असं म्हणणाऱ्या माणसाची चूक किती झाली असती? चौदांपैकी तिघंच त्याच्यापेक्षा किंचित सरस ठरले. आठ फेऱ्यांत नाणं उडवूनही चौदांतले दोघं-तिघं इतके पुढे दिसले असते. म्हणजे बाजाराच्या अंदाजात वजन द्यावं असा फरक माणसामाणसांत दिसलाच नाही. बाजारभावाच्या गटात वजनाचा नियम मग लागू केलाच नाही. गटाचा उपयोग झाला तो भाव ओळखण्यात नव्हे, तर खर्च मांडण्यात आणि माल एकाच वाटेने न घालवता वाटून देण्यात. हे आधी कळलं असतं तर गटाला "भाव किती होईल?" विचारण्याऐवजी "भाव वाढला नाही तर कोणाचं किती बुडेल?" हेच विचारलं असतं.

दुसरा निर्णय: बोंडअळी

इथे चित्र अगदी वेगळं निघालं, आणि हाच या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग आहे.

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यामुळे "फवारायचं का?" हा प्रश्न इथे नुसत्या पैशाचा नाही. निकष ठरलेले आहेत. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, हेक्टरी पाच लावायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग, किंवा दहा टक्के फुलं डोमकळी, किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन जिवंत अळ्या दिसल्या की फवारणी. त्याखाली नको. त्रास हा की सापळे लावले जातात, मोजले जात नाहीत. ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं वासाचं आमिष, महिनाभरात निकामी होतो, तो बदलला जात नाही, आणि मग "पतंगच नाहीत" अशी खोटी निश्चिंती येते.

गटात अकरा जण होते: सात कास्तकार आणि त्या चौघी. बैठक ग्रामपंचायतीत रात्री आठला ठेवली तर बाया येणार नाहीत, म्हणून ती सकाळी वावराच्या धुऱ्यावर, आणि चौघींना अर्ध्या दिवसाचा रोज कंपनीकडून. यावर कुरकुर झाली, पण रोज बुडवून कोणी सल्ला द्यायला येत नाही.

रीत अशी: पिकाच्या पाच-सहा तासं, म्हणजे ओळी, चालून यायच्या. मग प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची की शंभर फुलांत डोमकळ्या किती, वीस बोंडांत अळ्या किती. मग लगेच मोजायचं. डोमकळी म्हणजे न उमललेलं, पाकळ्या आतून अळीच्या धाग्याने शिवल्यासारख्या मुरडलेलं फूल. दुरून ते नुसतं कोमेजलेलं वाटतं. बोंडाचं कळणं त्याहून अवघड, कारण अळी बारीक असताना आत शिरते आणि भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार. विळ्याने चिरलं की सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोडासारखी गाठ दिसते, तिथून अळी शिरलेली असते, आणि सरकीजवळ ती सापडते.

दहा मिनिटांत खरं-खोटं समोर. एका सकाळी तीन वावरं, म्हणजे सहा प्रश्न. दोन सकाळीत बारा उत्तरांची अट पूर्ण झाली. वहीत फरक ठळक होता. चौघींपैकी दोघींचे आणि एका कास्तकाराचे अंदाज जवळजवळ प्रत्येक वेळी मोजणीच्या अगदी लगत. कृषी केंद्रवाले चिठ्ठी टाकत नव्हते, पण तोंडी सांगत, आणि त्यांचं बहुतेक जास्तच निघे. गटातला सगळ्यात बोलका माणूस दर वेळी दुपटीने चुकत होता. हे कोणी त्याला सांगावं लागलं नाही, चिरलेली बोंडं समोरच होती. दोघींपैकी एकीने सांगितलेली खूण पुढे सगळ्यांनी उचलली: "खालची फुलं पाहू नका, वरच्या शेंड्याजवळची पाहा, सकाळी नऊच्या आत." दुपारी सगळीच फुलं मलूल होतात आणि डोमकळी त्यांत लपते, हे तिचं कारण.

या तिघांचं वजन दुप्पट झालं. सप्टेंबरच्या मध्यात कंपनी अकराही गावांसाठी एकदम औषध मागवणार होती. गटाने सांगितलं, तीन गावांतच निकष ओलांडला आहे. मंडळाने तेवढंच मागवलं. बाकी आठ गावांपैकी सात गावांत पुढच्या तीन आठवड्यांच्या मोजणीत आकडा निकषाखालीच राहिला.

आठव्या गावात मात्र चूक झाली. तिथे विहिरीच्या पाण्यावर काही पऱ्हाटी जूनच्या आधीच लावलेली होती. तिला फुलं लवकर आली आणि अळीही. गटाने त्या गावातलं एकच वावर पाहिलं होतं, आणि तेही पावसावर पेरलेलं. सल्ला "नको" असा गेला आणि तिथल्या काही जणांचा पहिला बहर गेला. माणसं कितीही जाणती असली तरी नमुना चुकीच्या जागचा असेल तर उत्तर चुकणारच. नंतर नियम झाला की प्रत्येक गावातून सगळ्यात आधी लावलेलं एक वावर बघायचंच.

माणसं दुखावली तेव्हा

पहिल्या हंगामात सचिवाने उत्साहाने बाजारभाव गटाची गुणयादी नावांसकट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली. त्या रात्री तिघांनी गट सोडला, त्यात तो जुना जाणकार संचालकही होता. यादीत तो मधोमध होता, खाली नव्हता, पण गावात "आता तुमचाही नंबर लागला" अशी बोलणी झाली. दोघं अध्यक्षांनी घरी जाऊन समजावल्यावर परत आले. संचालक आले नाहीत.

तेव्हापासून ज्याचा हिशेब त्यालाच दाखवतात. सगळ्यांसमोर फक्त गटाचा आकडा आणि खरा आकडा. कीड गटाला हे लागत नाही, तिथे सगळं उघड्यावरच होतं आणि कोणी सोडूनही गेलं नाही. फरक बहुधा एवढाच की तिथे निकाल बोंड देतं, माणूस देत नाही.

पुन्हा करायचं तर

सुरुवात कीड-रोगापासून व्हायला हवी होती. जिथे उत्तर लगेच आणि वारंवार मिळतं तिथेच कोणाला जास्त कळतं हे दिसतं, आणि लोकांना रीतही तिथेच पटते. बाजारभावापासून सुरुवात केल्याने पहिलं वर्ष वादात गेलं.

नावं विचारण्याची पहिली फेरीच वावरात आणि बायांसकट करायला हवी होती. दुसऱ्या फेरीत चार नावं सापडली, पण पहिल्या फेरीने "जाणकारांची यादी" म्हणून जे कागदावर आणलं होतं ते बदलायला दोन बैठका लागल्या. ज्यांचं नाव छापून गेलं त्यांना काढणं हे न घेण्यापेक्षा फार कठीण असतं.

प्रत्येक गटात त्या विषयाबाहेरचा एक तरी माणूस हवा, जो विचारेल की हे करायला कागद कोणते लागतील, पैसे कधी मिळतील, ठेक्याने वावर करणाऱ्याचं काय. ई-पीक पाहणीचा घोळ एका तलाठ्याकडे जाणाऱ्या पोरानेसुद्धा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितला असता.

इतिवृत्तातलं ते एक वाक्य कायम ठेवावं. दोन हंगामांत मंडळाने तीनदा सल्ला डावलला. एकदा कारण लिहिलं, "गोदाम आधीच भरलेलं आहे", आणि ते योग्यच होतं. एकदा लिहिलं, "अध्यक्षांना योग्य वाटलं नाही", आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने तेच वाक्य वाचून दाखवून खुलासा मागितला. तिसऱ्या वेळी कारण लिहायला घेतलं आणि सुचेना, तेव्हा ठराव मागे घेतला.

बियाण्याचा गट येत्या हंगामात सुरू होतो आहे. त्याची पहिली कसोटी सोपी ठेवली आहे. घरच्या सोयाबीनच्या प्रत्येक लॉटमधून सरसकट शंभर दाणे, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळी, गुंडाळी सावलीत. दाणे बघून उगवण किती निघेल ते आधी चिठ्ठीवर, आणि सातव्या दिवशी कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली निघालं तर एकरी तीस किलोच्या वर बियाणं किती वाढवायचं, हा दुसरा प्रश्न. या वेळी चिठ्ठ्या टाकणाऱ्यांत निम्म्या बाया आहेत, कारण घरचं बियाणं निवडून, चाळून पोत्यात भरतात त्याच.